न जळलेला कारखाना

कुणाच्या नव्या घरी गेलं की माणसं काय बघतात? पडदे बघतात, ओटा बघतात, खिडकीतून काय दिसतं ते बघतात आणि "वा, उजेड छान आहे हो" असं म्हणून चहाची वाट बघत बसतात. हा माणूस दारातच विचारायचा, "मेन स्विच कुठाय?" घरमालकाला वाटायचं, गंमत करतोय. मग हा थेट स्वयंपाकघरात शिरायचा, गॅसच्या नळीवरची तारीख वाचायचा, फ्रिजच्या मागे डोकं घालायचा आणि बाहेर येऊन सांगायचा, "एका प्लगवर तीन-तीन गोष्टी लावल्यात तुम्ही." झालं! चहाची चवच गेली. नातेवाइकांत त्याला 'बंबवाले' म्हणायचे. तोंडावर नाही हं. तोंडावर दादा, मामा, भाऊजी, ज्याचं जे नातं असेल ते.

खरं तर बंबाशी त्याचा काही संबंध नव्हता. बंब येतो आग चालू असताना. हा जायचा सगळं थंड झाल्यावर. विमा कंपनीचा सर्व्हेअर होता तो. जळलेल्या जागेत शिरायचं, तिथं काय होतं, किती होतं, त्यातलं काय वाचलं आणि गेलं त्याची किंमत किती, हे ठरवायचं. बत्तीस वर्षं हेच काम केलं आणि चोख केलं. कुणाचा एक कप चहा घेऊन आकडा फिरवला नाही, की साहेबांच्या दटावणीला भिऊन कमी केला नाही. मात्र संध्याकाळी घरी आला की बायको त्याला दारातूनच न्हाणीघरात पिटाळायची. कितीही साबण लावा, मानेच्या मागे जळका वास राहायचाच. लग्न झालं तेव्हा तिला वाटलं होतं, ऑफिसातला माणूस मिळाला. ती म्हणायची, "मला काय माहीत, ह्यांचं ऑफिस रोज नवं आणि रोज जळकं असतं ते."

सुरुवातीची काही वर्षं तो चारचौघांसारखाच होता. काम झालं की विसरायचा. मग ते दप्तरांचं दुकान आलं. शाळा उघडायच्या तोंडावर माल ठासून भरलेला, आणि सगळा गेला. कापड गेलं, पुठ्ठे गेले, फळ्या गेल्या. भिंतीतले लोखंडी आकडे तेवढे रांगेनं शाबूत होते आणि प्रत्येक आकड्याखाली धातूच्या झिपांचा ढीग पडला होता. दप्तरं किती होती ते कळायला दुसरा मार्ग नव्हता, म्हणून हा उकिडवा बसून झिपा मोजायला लागला. दुकानदार मागे उभा. रडणं नाही, ओरडणं नाही. तो आपला सांगत होता, "इथं निळी होती. ही वरच्या रांगेतली मोठ्या मुलांची. आणि इथं ती चंदेरी पट्टीवाली, ती यंदा फार चालणार होती." अगदी गिऱ्हाइकाला दाखवावीत तशी. हा मान वर करायचा आणि काय सांगावं, त्याला ती दप्तरं दिसायची. निळी, चंदेरी पट्टीवाली, सगळी. मान खाली घातली की झिपा.

त्यानंतर उलटं सुरू झालं. धडधाकट दुकानात शिरला की आधी दुकान दिसायचं, आणि डोळे मिटून उघडेपर्यंत त्यातलं जे उरणार ते दिसायचं. छत्र्यांच्या दुकानात काड्या. चपलांच्या दुकानात बक्कलं. सिनेमाच्या थिएटरात खुर्च्यांचे लोखंडी पाय, रांगेनं, आणि वर काळं छत. भास म्हणा, खोड म्हणा, पण दिसायचं म्हणजे दिसायचंच, आणि वासही यायचा. घरी तर विचारू नका. दिवाणावर आडवा पडायचा आणि त्याला दिवाणाच्या बिजागऱ्या दिसायच्या. बायकोच्या शिवणयंत्राचं तेवढं चाक शिल्लक. एकदा धीर करून त्यानं बायकोला सांगितलं. ती बिचारी घाबरली आणि त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं नंबर काढून दिला. चष्मा लागल्यावर सगळं जास्तच स्वच्छ दिसायला लागलं.

आता असा माणूस पैसे कुठे गुंतवणार, सांगा!

तसं बघितलं तर जो तो आपल्या धंद्याच्या चष्म्यातूनच पैसे लावतो. त्याच्या ऑफिसच्या इमारतीतच बघा. तळमजल्यावरचा औषधवाला सगळे पैसे औषधांच्या कंपन्यांत घालायचा. म्हणायचा, "माणसं जेवण सोडतील, गोळ्या सोडणार नाहीत." पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. तिथल्या मदतनीस बाईंनी चॉकलेटच्या कंपनीचे शेअर घेतले होते आणि त्या दरवर्षी थोडे वाढवायच्या. शेजारचा पाणीखात्यातला माणूस बाटलीबंद पाण्याच्या कंपनीवर फिदा होता. का, असं विचारलं तर नुसता हसायचा आणि नळाकडे बघायचा. ह्याच्याच ऑफिसातला अपघातांचे दावे बघणारा सहकारी जन्मात गाडी शिकला नाही, बसनं यायचा, आणि त्याचा सगळा पैसा हाडांच्या इस्पितळांत. प्रत्येकाला वाटायचं, आतली गोष्ट आपल्यालाच ठाऊक आहे. आणि खोटं कशाला बोला, थोडीफार असायचीही. पण माणूस बत्तीस वर्षं एकाच खिडकीतून बघत राहिला की त्याला वाटायला लागतं, जग तेवढंच आहे.

ह्याच्याकडेही एकदा म्युच्युअल फंडाचा एजंट आला. टाय लावलेला, तोंडात साखर. ह्यानं विचारलं, "पैसे जातात कुठे?" एजंट म्हणाला, "उत्तम उत्तम कंपन्यांत, साहेब. ही बघा, रंगांची कंपनी." "जळतो," हा म्हणाला. "ही कापडाची." "जळतं." "बरं, ही सॉफ्टवेअरची." ह्यानं चष्मा पुसला आणि विचारलं, "कितव्या मजल्यावर आहे?" एजंटनं चहा अर्धा टाकला आणि उठला. बायकोनं कपाळाला हात लावला.

शेवटी त्यानं घेतला तो एक प्लॉट. शहराबाहेर, मोकळा. दगड आणि माती. जमीन जळत नाही, एवढाच त्याचा हिशोब. त्यावर दोन वाळकी झुडपं होती, ती त्यानं पहिल्याच आठवड्यात उपटून काढली. गवत वाढलं की कापून न्यायला माणूस लावायचा. बायको म्हणाली, "अहो, निदान एखादं झाड लावा, सावलीला." तर नाही म्हणाला. सुट्टीच्या दिवशी घडीची खुर्ची घेऊन तो तिथं जायचा आणि टोपी घालून बसायचा. लोक जमिनीचा भाव वाढायची वाट बघतात. हा कसलीच वाट बघत नव्हता. अख्ख्या दुनियेत तेवढ्याच जागी त्याला काही दिसायचं नाही. तिथं त्याची मान सैल पडायची, डुलकी लागायची.

त्याची धाकटी बहीण, घरात तिला सगळे चिमी म्हणायचे, ती अगदी दुसऱ्या टोकाची. तिला कुठल्याही पडक्या भिंतीत दुकान दिसायचं. नवऱ्याचा टेम्पो होता, हिच्या हातात शिवण होती. दोघांनी मिळून गाद्या-उशांचा कारखाना काढायचं ठरवलं. त्याला सोळा-सतरा वर्षं झाली. एक जुनी शेड भाड्यानं घेतली, दोन मशिनी आणल्या, आणि पहिली हाक मारली ती दादाला. "दादा, निम्मा भाग तुझा. तू पैसे घाल, मी घाम घालते." दादावर तिचा फार जीव. आईवडील लवकर गेलेले, तिला शाळेत घातलं ते दादानं, तिचं लग्न केलं ते दादानं. दादाला स्वतःचं मूल नव्हतं. चिमीची मुलगी झाली तेव्हा इस्पितळात तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेही दादानंच.

तो शेड बघायला गेला. एका कोपऱ्यात कापसाच्या गाठी, दुसरीकडे फोमच्या लाद्या छतापर्यंत, मधे फोम चिकटवायच्या सोल्युशनचे डबे, त्याचा तो डोक्यात चढणारा वास. चिमी इकडून तिकडे नाचत दाखवत होती. ह्याला दिसल्या स्प्रिंगा. गाद्यांच्या स्प्रिंगा, काळ्या पडलेल्या, एकीला एक लागून, भिंतीपासून भिंतीपर्यंत. तो जागेवरच थांबला आणि मेहुण्यासमोर, नव्यानं ठेवलेल्या दोन कामगारांसमोर म्हणाला, "हे जळणार."

चिमी हसली. "कधी?"

"ते मला काय माहीत. पण जळणार."

तिचं तोंड एवढंसं झालं. ती म्हणाली, "दादा, पैसे नको देऊ. नाही म्हण, मला राग नाही. पण पहिल्याच दिवशी असं बोलू नको रे." तो ओशाळला, पण शब्द काही मागे घेतला नाही. खोटं कसं बोलणार? त्याला तर दिसत होतं.

कारखाना जळला नाही. चिमीनं नवऱ्याच्या टेम्पोवर कर्ज काढलं, रात्रीचा दिवस केला आणि धंदा उभा केला. पहिल्या वर्षी उशा, मग गाद्या, मग हॉटेलांच्या ऑर्डरी. शेड अपुरी पडली म्हणून शेजारची घेतली. घरात कुठलाही कार्यक्रम असला की ती दादाच्या पाठीत धपाटा घालायची, "दादा, अजून जळला नाही हं!" सगळे खो-खो हसायचे. दादाही हसायचा. हसताना तो पाण्याचा ग्लास उचलायचा आणि तोंडाला लावायचा, म्हणजे किती हसतोय ते कुणाला कळायचं नाही.

आणि ऑफिसातून घरी येताना तो दोन बस बदलून लांबच्या रस्त्यानं यायचा. बायकोला वाटायचं, ट्रॅफिक. त्या रस्त्यावरून बस एका पुलावर चढायची आणि पुलावरून चिमीच्या कारखान्याचं पत्र्याचं छत दिसायचं. तो डाव्या बाजूची खिडकी धरून बसायचा. छत जागेवर आहे हे बघायचा. आता भावाला बहिणीची काळजी वाटते, तो लांबून का होईना बघून जातो, ह्यात वाईट काय? काहीच नाही. तोही स्वतःला हेच सांगायचा. पण छत शाबूत दिसल्यावर माणसाचा जीव भांड्यात पडायला हवा की नको? त्याचा पडायचा नाही. पूल उतरताना त्याला उगाच थकल्यासारखं वाटायचं, घरी आल्यावर जेवण जायचं नाही. असं का होतं, हा विचार त्यानं कधी पूर्ण केला नाही. तिथपर्यंत आला की तो पेपर उघडायचा.

मग तो रिटायर झाला. निरोपसमारंभाला साहेबांनी भाषणात त्याला 'सचोटीचा पुतळा' म्हटलं. तो घरी बसला आणि बायकोची पंचाईत झाली. रोज उठून हा घरातले प्लग तपासायचा. इस्त्री वापरली की मागे येऊन उभा. "अहो, तुम्ही कुठेतरी गुंतवा हो स्वतःला," ती वैतागून म्हणाली, "पैसे राहू देत."

तेवढ्यात चिमी आली. तिच्या शेडच्या मालकाला जागा मोकळी करून हवी होती. तिथं त्याला मोठी इमारत बांधायची होती. चिमी सरळ मुद्द्यावर आली. "दादा, तुझा तो प्लॉट नुसता पडलाय. तिथं मी शेड बांधते, खर्च माझा. कारखान्यात निम्मा भाग तुझा. आता तरी ये ना माझ्याबरोबर. भाड्याची जागा नको झालीय मला आता. आणि दुसऱ्या कुणाची जागा घेण्यापेक्षा..." तिला पैशापेक्षा काहीतरी वेगळंच हवं होतं, हे बायकोला कळलं. पहिल्या दिवशी दादानं जे म्हटलं होतं ते तिला दादाकडूनच पुसून हवं होतं.

"हो म्हणा," बायको आतून म्हणाली.

प्लॉट? तिथं शेड? कापूस, फोम, सोल्युशन? एकच जागा होती जिथं काही दिसत नव्हतं, आणि तीच ही मागत होती. पण नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? पोरकी बहीण, आयुष्यात दुसऱ्यांदाच मागतेय. तो म्हणाला, "आधी कारखाना नीट बघतो. मी सांगतो ते बदल कर. मग बघू." त्याला वाटलं, बदल ऐकून ही आपणहून नाद सोडेल.

चिमी कसली सोडतेय! त्यानं सांगितलं, सोल्युशनचे डबे बाहेर वेगळ्या खोलीत. ठेवले. वायरिंग बदल. बदललं. कापूस पिंजायच्या मशीनला वेगळी खोली, तिला लोखंडी दार, आणि कापसातून खिळा-तार आत जाऊन ठिणगी उडू नये म्हणून मशीनच्या तोंडाशी लोहचुंबक. बसवलं. दाराच्या आतल्या अंगाला, हात पोचेल तिथं, आग विझवायचे लाल सिलिंडर. टांगले. ते कसे वापरायचे ते सगळ्या कामगारांना शिकव. हे शिकवायला तिनं दादालाच उभं केलं. तोही रंगात आला. पिन कशी ओढायची, नळी कुठे धरायची, ज्वाळेच्या बुडाशी मार, शेंड्याला नको. चिमीची मुलगी आता शिकून कारखान्यातच आली होती. पिंजणखोली तिच्या ताब्यात. तिनं मामाकडून तीनदा शिकून घेतलं. "मामा, तू आधीच मास्तर व्हायला हवं होतंस," ती म्हणाली. तो लाजला.

काढायला आता एकही खोट उरली नाही. तरी दारातून आत पाऊल टाकलं की स्प्रिंगा दिसायच्याच, पहिल्या दिवशी दिसल्या होत्या तशाच. उलट आता जास्त, कारण गाद्या जास्त.

सह्या करायचा दिवस ठरला. कारखान्यातच करू, चिमी म्हणाली, माझी माणसं बघू देत. तिची केबिन पोटमाळ्यावर होती, काचेची. तिथून खालचा सगळा हॉल दिसायचा. शिवणाऱ्या बायका, गाद्यांची चळत, पलीकडे पिंजणखोलीचं लोखंडी दार. मेहुणा माल पोचवायला गेला होता, येतोच म्हणाला होता. टेबलावर कागद मांडलेले. चिमी ठेवणीतली साडी नेसली होती आणि ते लपवायला वरून तिनं रोजचा ॲप्रन चढवला होता. दादाच्या हे लक्षात आलं आणि त्याला भरून आलं. खरंच आलं. त्यानं पेन उघडलं.

"पोरीला बोलव की," तो म्हणाला.

"येतेय. एवढी गाठ संपवते म्हणाली. तू कर सही."

त्यानं कागदावर पेन टेकवलं आणि सवयीनं एकदा काचेतून खाली बघितलं. लोखंडी दाराच्या फटीतून धूर येत होता.

त्याला आधी वाटलं, नेहमीचंच. डोळे मिटून उघडले. धूर होता. करडा, जाड, दाराच्या वरच्या फटीतून निघून पत्र्याकडे चाललेला. खाली एका शिवणाऱ्या बाईनं मान वर केली, वास घेतला, आणि ती किंचाळली. म्हणजे तिलाही दिसत होता. सगळ्यांना दिसत होता! तो खुर्चीतून उठला. त्याचा हात काचेकडे गेला आणि त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडला, "बघ!"

'पळ' नाही. 'मेन स्विच बंद करा' नाही. "बघ, चिमे, बघ! म्हटलं होतं ना मी!" आणि आवाज कसा? हरवलेली वस्तू सापडल्यावर पोर ओरडतं ना, तसा.

चिमीनं आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग खाली. दोन्ही एका क्षणातच झालं, पण आधी त्याच्याकडे. मग ती जिना उतरून धावली. एक चप्पल पायरीवरच राहिली.

तो जागचा हलला नाही. अख्ख्या कारखान्यात ह्या गोष्टीतलं कळणारा माणूस तो एकटा, आणि तो काचेला हात लावून उभा. त्याला स्प्रिंगा दिसत होत्या. आज मात्र त्यांची भीती वाटत नव्हती. इतकी वर्षं एकट्यानं पाहिलेलं आज सगळे पाहणार होते. दार उघडलं, धुराचा लोट बाहेर आला, आतून सिलिंडरचा फुस्स आवाज झाला, एकदा, परत एकदा. दोन माणसं बादल्या घेऊन आत घुसली. कुणीतरी मेन स्विच पाडला आणि मशिनींचा आवाज थांबला. मग लोक खोकायला लागले. मग कुणीतरी हसलं. धूर पातळ झाला आणि पत्र्याखाली नुसता तरंगत राहिला. विझलं होतं.

तेव्हा कुठे त्याचे पाय हलले. तो खाली आला तोवर पिंजणखोलीसमोर गर्दी झाली होती. एक गाठभर कापूस काळा झालेला, मशीनचं झाकण करपलेलं, आणि बाकी काही नाही. कापसातून पितळेची गुंडी आली आणि मशीनमध्ये अडकून, घासून तापली होती म्हणे. पितळ काही चुंबकाला चिकटत नाही. हे त्याच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

चिमी गर्दीतून बाहेर आली आणि त्याचं मनगट धरून त्याला फोमच्या लाद्यांमागे घेऊन गेली. तिच्या एका पायात चप्पल नव्हती. ती ओरडली नाही. तिनं हळूच विचारलं, "तू खूश झालास, दादा?"

"नाही गं. काहीतरीच काय."

"मी तुझं तोंड बघितलं."

"मला वाटलं..." तो म्हणाला. "मला वाटलं, आता तुलाही दिसलं. इतकी वर्षं मला एकट्यालाच दिसतंय, चिमे. तुला काय सांगू. घरी, बाहेर, सगळीकडे. मला वाटलं, आता कुणालातरी दिसलं. बस, एवढंच."

तिला त्याची दया आली, ते तिच्या डोळ्यांत दिसलं. तिनं हात पुढे करून त्याच्या खांद्यावरचा कापूस झटकला. मग तिचा हात थांबला.

"माझी पोर आत होती," ती म्हणाली. "दार बंद होतं आणि ती आत होती. तू 'बघ' म्हणालास तेव्हा तुला ती दिसली का?"

आता इथं कुठलाही माणूस 'हो' म्हणाला असता. म्हणायलाच हवं होतं. बहिणीसाठी, भाचीसाठी, स्वतःसाठी. पण ह्यानं आयुष्यात एकही खोटा अंदाज दिला नव्हता. त्यानं आठवून बघितलं. काच, धूर, दार, त्या पलीकडे खोली, आणि खोलीत काय काय उरेल ते सगळं. पुन्हा एकदा आठवून बघितलं.

"नाही," तो म्हणाला.

चिमीनं मान हलवली, दोन-तीनदा, जणू काही एखादा पत्ता समजावून घेतला. पदरानं तोंड पुसलं. तेवढ्यात भाची धावत आली. केसांत कापूस, भुवया पांढऱ्या, डोळे लाल, आणि हसतेय. आली ती थेट मामाच्या गळ्यात पडली. तिच्या अंगाला तोच वास येत होता, जळका, जो घेऊन तो बत्तीस वर्षं घरी जात होता. "मामा! बुडाशी मारलं, शेंड्याला नाही! तू तो सिलिंडर दाराच्या आत लावायला लावलास ना, बाहेर असता तर मी गेलेच होते." मागून कामगार आले. साहेब, तुमच्यामुळे वाचलो. साहेब, तुम्ही नसता तर. एका म्हाताऱ्या शिवणाऱ्या बाईनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. तो प्रत्येकाला "हो, हो" म्हणत होता. भाचीला जवळ घ्यायला त्याचे हात वर आले, पण तिच्या पाठीवर टेकले नाहीत. असेच तरंगत राहिले.

"झाल्या का सह्या?" भाचीनं आईला विचारलं. "शेड कधी बांधायची?"

चिमी तिच्या केसांतला कापूस एकेक करून काढत होती. तिनं दादाकडे बघितलं नाही.

"नाही झाल्या," ती म्हणाली. "मामाचा प्लॉट नको आपल्याला."

"का गं?"

"लांब पडतो," चिमी म्हणाली. "बायकांना रोज यायला-जायला लांब पडतो."